अळीचं पुस्तक परत कपाटात ठेवा



आज थोडं रागानं लिहिते आहे. कुणाचं मन दुखावलं तर आधीच क्षमा मागते. पण न लिहिता राहिले तर मलाच झोप लागायची नाही.

आमच्या बस्तीच्या पाठशाळेत मुलांच्या पुस्तकांचं एक छोटं कपाट आहे. दिवाळीनंतर मी त्यात एक पुस्तक ठेवलं होतं. पुण्याहून मुलानं नातीसाठी आणलेलं इंग्रजी चित्रांचं पुस्तक, 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', म्हणजे फार भुकेली अळी. नात आता सात वर्षांची झाली, मोठी पुस्तकं वाचायला लागली, म्हणून म्हटलं इतर मुलांनाही बघू दे. मागच्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली आणि ते पुस्तक कपाटातून काढून माझ्या हातात परत देण्यात आलं. कारण काय, तर त्यात सलामी आणि सॉसेजचं चित्र आहे. "पाठशाळेत मांसाचं चित्र शोभत नाही अक्का," असं एका सुनेनं मला अगदी नम्रपणे सांगितलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी त्या वेळी काही बोलले नाही. पुस्तक पिशवीत घातलं आणि घरी आले.

ज्यांनी हे पुस्तक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पानावरच्या एका अंड्यातून इवलीशी अळी बाहेर येते. तिला भूक लागलेली असते. सोमवारी ती एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, असं करत शुक्रवारी पाच संत्री. जिथं जिथं तिनं खाल्लं तिथं पानाला खरंखुरं भोक पाडलेलं आहे, त्यात मुलांची बोटं जातात. शनिवारी मात्र ती सुटते. केक, आइस्क्रीम, चीज, लॉलीपॉप, कलिंगड, एकूण दहा पदार्थ. त्या दहांत सलामी आणि सॉसेज हे दोन. त्या रात्री तिचं पोट दुखतं. रविवारी ती एक हिरवं पान खाते आणि तिला बरं वाटतं. मग ती कोशात जाते आणि शेवटच्या पानावर फुलपाखरू होऊन बाहेर येते. संपलं पुस्तक.

मलाही ते चित्र पहिल्यांदा बघितल्यावर कसंसंच झालं होतं, खोटं कशाला बोलू? नातीला मी सांगितलं, हे मांस आहे, आपण खात नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तिचं पोट दुखलं ना आजी?" आता पुस्तकात तसं काही नाही. पोट दुखायला केक आणि आइस्क्रीमही तेवढेच कारणीभूत आहेत. पण मूल चित्र बघून काय शिकतं आणि आपण कशाला घाबरतो यात किती अंतर असतं, ते मला तेव्हाच कळलं. दोन मिनिटांत सांगून टाकायची गोष्ट होती ती. ज्या मुलांच्या वर्गातले निम्मे मित्र डब्यात अंडी आणतात, त्यांना सलामीच्या चित्रापासून आपण किती दिवस वाचवणार?

तरी नुसतं तेवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. खरी गोष्ट वेगळीच आहे. पुस्तक काढायच्या पंधरा दिवस आधी पाठशाळेत एक प्रश्न विचारला गेला होता, आणि तो माझ्या नातीनं विचारला होता.

पाठशाळेच्या भिंतीवर जीवांचा तक्ता आहे, तो तुम्हा सगळ्यांच्या पाठशाळेत असेल. वर एकेंद्रिय, पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती. मग द्वींद्रिय, त्रींद्रिय, चतुरिंद्रिय, पंचेंद्रिय. आमच्या तक्त्यात अळी द्वींद्रियांच्या रांगेत आहे, शंख आणि गांडुळाच्या शेजारी. म्हणजे तिला स्पर्श आहे आणि चव आहे, नाक-डोळे-कान नाहीत. फुलपाखरू चतुरिंद्रियांच्या रांगेत, त्याला डोळे आहेत. नातीनं विचारलं, "अळीचंच फुलपाखरू होतं ना? मग ती मेली नाही, दुसरा जन्म घेतला नाही, आणि तिची दोन इंद्रियं कशी वाढली?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न ऐकून मला तरी अभिमान वाटला असता. शिकवणाऱ्या ताईंनी काय केलं? "शास्त्रावर शंका घ्यायची नाही," म्हणून तिला बसवलं. घरी येऊन पोरगी रडली. प्रश्न चुकला म्हणून रडली. आणि पंधरा दिवसांनी ते पुस्तक कपाटातून गेलं. सलामीचं निमित्त होतं. मुलं पुस्तक बघून प्रश्न विचारायला लागली ही खरी अडचण होती, असं मला वाटतं. माझं चुकत असेल तर मला सांगा, मी सगळ्यांसमोर क्षमा मागेन.

श्रेणिक राजानं प्रश्न विचारले आणि गौतम गणधरांनी उत्तरं दिली, या प्रश्नोत्तरांवर आपली पुराणं उभी आहेत. आणि आपण सात वर्षांच्या मुलीला सांगतो की शंका घ्यायची नाही?

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधायला लागले. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियं एकेकानं वाढत जातात हे सांगताना उदाहरणं फक्त चार दिली आहेत. कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य. अळीचं नाव त्या सूत्रात नाही. लांबट, मऊ, बिनपायाची दिसते म्हणून आपण तिला कृमीच्या रांगेत बसवली असावी. आता अळी नीट बघा. तिला पाय असतात, पुढचे खरे सहा आणि मागचे मांसल आधाराचे. आणि तिला डोळेही असतात! डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक टिंबांसारखे, बहुतेक अळ्यांना प्रत्येक बाजूला सहा. आपल्यासारखं स्पष्ट दिसत नाही, पण उजेड-अंधार आणि ढोबळ आकार तिला कळतात. गांडुळाला असे डोळे नाहीत. म्हणजे नातीचा प्रश्न सूत्राला लागूच नव्हता, आपल्या तक्त्याला लागू होता. तक्ता छापणाऱ्यानं अळी जवळून बघितली नव्हती. आम्हीही बघितली नव्हती. प्रश्न विचारू दिला असता तर शास्त्र खोटं पडलं नसतं, फक्त एक चित्र खालच्या रांगेत सरकवावं लागलं असतं.

गंमत म्हणजे या पुस्तकाचीही तीच कथा आहे. ते काढणारे चित्रकार एरिक कार्ल यांनी एकदा कागदांच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीननं भोक पाडलं आणि त्यांना पुस्तकात शिरलेला किडा आठवला. आधी त्यांची गोष्ट एका कृमीची होती. त्यांच्या संपादक बाईंना तो कृमी काही पसंत पडेना, त्यांनी अळी सुचवली आणि कार्ल यांना लगेच शेवटचं फुलपाखरू दिसलं. १९६९ मध्ये पुस्तक आलं. पानांना भोकं पाडून आणि लहान-मोठी पानं कापून छापणं अमेरिकेत परवडेना, म्हणून ते जपानमध्ये छापून घेतलं. पुढं साठाहून जास्त भाषांत गेलं आणि पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. कृमी वेगळा आणि अळी वेगळी हे त्या बाईंच्या लक्षात आलं, आमच्या तक्त्याच्या नाही.

कार्ल यांच्या लहानपणाची एक गोष्ट मला फार आवडते. त्यांचे वडील त्यांना रानात फिरायला न्यायचे. दगड उचलायचे, झाडाची सुटलेली साल बाजूला करायचे, खाली काय जीव आहेत ते मुलाला दाखवायचे, त्याच्याबद्दल सांगायचे आणि मग तो जीव होता तिथं हळूच परत ठेवायचे. परत ठेवायचे, हे लक्षात घ्या. ते काही जैन नव्हते. पुढं युद्धात त्यांना जर्मन सैन्यात जावं लागलं, रशियात कैद भोगावी लागली, घरी परत आले तेव्हा माणूस पार खंगलेला होता. पण मुलाच्या मनात राहिला तो दगड उचलून परत ठेवणारा बाप. त्या एका सवयीतून अळीचं पुस्तक आलं. आपल्या पाठशाळेतून बाहेर पडलेल्या किती मुलांच्या मनात असा एक दगड आहे?

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ही सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय लेखाला अर्थ नाही.

आमच्या परसात लिंबाचं झाड आहे, लग्न होऊन आले तेव्हापासूनचं. पावसाळा लागला की त्याच्या कोवळ्या पानांवर अळ्या येतात. पानंच्या पानं फस्त करतात. आमच्या घरी औषध फवारायची पद्धत नाही, सासूबाईंनी कधी फवारू दिलं नाही. मग मी काय करायची? एका कागदावर एकेक अळी अलगद उचलून घ्यायची आणि कुंपणापलीकडच्या गवतात नेऊन सोडायची. एकही चिरडायची नाही. णमोकार म्हणत म्हणत करायची. तीस वर्षं केलं हे. आणि तीस वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना वाचवते आहे.

नातीबरोबर ते पुस्तक वाचल्यावर तिनं विचारलं, "आजी, आपल्या लिंबावरची अळी सफरचंद खाते?" मला माहीत नव्हतं. मुलानं फोनवर शोधून सांगितलं. लिंबावरची अळी लिंबू, कढीपत्ता, बेल अशा एकाच कुळातल्या झाडांची पानं खाते. सफरचंद नाही, केक नाही, आणि गवतही नाही. म्हणजे पुस्तकातली गोष्ट खोटी. आणि माझं वाचवणंही खोटं.

ऐकून मी तशीच पायरीवर बसले. गवतात सोडलेली एकूण एक अळी उपाशी मेली असणार, नाहीतर पाखरांनी खाल्ली असणार. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्यांनी पाठ केलेले आहेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढा भार लादणं, आणि पाचवा, अन्नपाणी तोडणं. पाचव्याची व्याख्या मी पाठशाळेत दहा वर्षं शिकवली. आणि दर पावसाळ्यात णमोकार म्हणत तोच दोष करत होते. मला कुणी फसवलं नाही. मी बघितलंच नव्हतं. कधीच पाच मिनिटं थांबून बघितलं नाही की ही अळी गवताला तोंड तरी लावते का.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. 'मारू नको' हे आपण मुलांना छान शिकवतो. पण 'बघ' हे शिकवत नाही. आणि न बघता पाळलेली दया माझ्यासारखी होते, हात हळू आणि परिणाम तोच. आपल्या परंपरेनं ज्ञानाला दयेच्या आधी जागा दिली आहे ती उगाच नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी अळ्यांना हात लावला नाही. झाडापाशी दोन पाट टाकले आणि रोज सकाळी दर्शन करून आल्यावर तिथं बसायला लागलो. काय काय दिसलं सांगू? लहान अळी तपकिरी-पांढरी असते, थेट पाखराच्या विष्ठेसारखी. मी इतकी वर्षं झाडावर विष्ठा पडली समजून ज्याच्याकडं दुर्लक्ष करत होते त्यातल्या कित्येक अळ्या होत्या. कात टाकत टाकत ती मोठी होते आणि शेवटी पानासारखी हिरवीगार होते. चुकून धक्का लागला तर मानेमागून दोन तांबूस शिंगं बाहेर काढते, उग्र वास येतो. नात पहिल्यांदा किंचाळली, मग हसत सुटली. पुढं तिनं अळी कधी चिडू दिली नाही.

आम्ही सात अळ्या मोजल्या होत्या. पाचव्या दिवशी चार राहिल्या. एक बुलबुल आला आणि आमच्या डोळ्यांसमोर एक उचलून घेऊन गेला. नात रडली. मी तिला काय सांगणार? संसार असा आहे, हे मी तिला पाठशाळेत शंभर वेळा सांगितलं असतं तरी त्या दिवसाइतकं कळलं नसतं. बुलबुलाच्या पिलांचंही पोट आहे, हे तीच दुसऱ्या दिवशी म्हणाली.

शेवटी दोन अळ्यांनी फांदीला स्वतःला बांधून घेतलं, कमरेला रेशमाचा एक धागा, लिफ्टवाल्या इमारती रंगवणारी माणसं बांधून घेतात तशी. एक कोश काळा पडला, त्यातून काही आलं नाही. दुसऱ्याच्या आतून एके दिवशी पंखांचे ठिपके दिसायला लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो फुटला. ओले, चुरगळलेले पंख. ते हळूहळू भरत गेले, सरळ झाले. काळ्यावर पिवळे ठिपके असलेलं फुलपाखरू बराच वेळ तिथंच बसून राहिलं आणि मग उडून गेलं. आपल्या महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्याचं फुलपाखरू म्हणून ज्याला मान दिला ते राणी पाखरूही याच घराण्यातलं, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली झाडं खातात. द्रव्य तेच, पर्याय बदलतो, हे मी वर्गात घड्याचं आणि सोन्याच्या दागिन्याचं उदाहरण देऊन शिकवत आले. आता माझ्याकडे त्याहून चांगलं उदाहरण आहे.

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, अक्का, हे सगळं कौतुक म्हणजे मोहच की. फुलपाखरात जीव गुंतवायचा आणि मग वैराग्याच्या गोष्टी करायच्या? मला तसं वाटत नाही. नातीला ते फुलपाखरू पकडून ठेवायचं नव्हतं. ते गेलं तेव्हा तिनं हात जोडले. ज्याला आपण बघितलं त्याला जाऊ देणं, यात मोह कमी होतो का वाढतो ते तुम्हीच सांगा.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी मान्य करते. हल्ली शाळेत प्रकल्प म्हणून अळ्या बरणीत कोंडायला सांगतात. सुट्टी लागली की बरणी विसरते, पानं वाळतात आणि मुलांच्या हातून जीव जातो. हे बंधनही झालं आणि अन्नपाणी तोडणंही झालं. आपल्या मुलांना ते करू देऊ नका. शाळेत जाऊन सांगा की आमचं मूल झाडावरची अळी बघून चित्र काढेल, कोंडणार नाही. एखाद-दोन गुण गेले तर जाऊ देत. बघायला बरणी लागत नाही. पाट लागतो आणि सकाळचा अर्धा तास.

आणि खरं सांगायचं तर बघण्यात आपण बायका मुळात कच्च्या नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, हे आपल्याला तोंडपाठ आहे. दमट हवेत पिठात जीव लवकर पडतात हे आपल्या आज्या-पणज्यांनी परातीत डोळे घालून पाहिलं होतं. फ्लॉवरचा गड्डा मिठाच्या पाण्यात टाकण्याआधी कुठला तुरा उलगडायचा, मटारच्या कुठल्या शेंगेला बारीक भोक असतं, हे आपल्या बोटांना कळतं. पाणी गाळून गाळण्यावरचे जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे ही रीत ज्यांनी घालून दिली त्यांना ठाऊक होतं की एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही. बघा, माझ्या लिंबाच्या अळीचं उत्तर त्या गाळण्यातच होतं. मी गाळणं वापरत राहिले आणि त्यामागचं बघणं विसरले. मुलींना आपण काय देतो? "शी, अळी आहे, टाक ते बाहेर." तिथं एक मिनिट थांबून तिला ती अळी दाखवली तर काय बिघडेल?

शेवटची गोष्ट सगळ्यात कडू आहे.

कार्ल यांच्या पुस्तकात जाणकारांनी एक चूक काढली आहे. फुलपाखराची अळी स्वतःभोवती रेशमी घर विणत नाही, ते काम बहुतेक पतंगांच्या अळ्यांचं, आणि पुस्तकात फुलपाखरू तशा घरातून येतं. रेशमी घर विणणारी अळी कोणती ते आपल्याला चांगलं माहीत आहे. तुतीची पानं खाते ती. ती एकाच अखंड धाग्याचं घर विणते, शेकडो मीटर लांब, कधी हजार मीटरच्याही वर. पतंग बाहेर आला तर कोश फुटतो आणि धागा तुटतो. म्हणून तो बाहेर यायच्या आधीच आतल्या जीवाला वाफेनं किंवा उष्णतेनं मारतात आणि कोश गरम पाण्यात घालून धागा सोडवतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात.

ज्या बैठकीत सलामीच्या चित्रामुळं पुस्तक काढलं गेलं, त्या बैठकीत आम्ही किती जणी रेशमी साड्या नेसून बसलो होतो? मी मोजलं नाही, कारण मीही नेसले होते. नारिंगी काठाची, मुलाच्या लग्नातली. कागदावरच्या दोन चकत्यांनी आम्हाला विटाळ झाला आणि अंगावरच्या हजारो अळ्या कुणाला दिसल्या नाहीत. हे ऐकायला वाईट वाटतं, मला लिहायलाही वाटतं. किती मुनिमहाराजांनी आणि माताजींनी प्रवचनात रेशमाबद्दल सांगितलं, आपण ऐकलं, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा रेशमीच घेतली. का? कारण आपण त्या अळीला कधी बघितलंच नाही. नातीनं मात्र बघितली आहे. घरी आल्यावर तिनं माझ्या पदराला हात लावून विचारलं, "आजी, ही पण कोशाची आहे?" मी "हो" म्हणाले. ती पुढं काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला मंडळाच्या सगळ्या ठरावांपेक्षा जड गेलं.

त्या दिवसापासून मी रेशीम विकत घ्यायचं सोडलं आहे. सुती आहे, खादी आहे, आपल्या इचलकरंजीत चांगली कापडं मिळतात. कपाटात आईची एक जुनी साडी आहे, तिचं काय करायचं ते अजून ठरत नाही. देऊन टाकली तर कुणी तरी नेसणार, जाळली तर त्या जीवांचं दुसऱ्यांदा काही होत नाही. तशीच ठेवली आहे.

तर मैत्रिणींनो, माझी मागणी तीन गोष्टींची आहे. एक, ते पुस्तक परत कपाटात ठेवू द्या. सलामीच्या पानाशी ताईंनी दोन वाक्यं सांगावीत, मुलांना कळतं. दोन, अळीचं चित्र तक्त्यात कुठं असावं हा प्रश्न पाठशाळेत मुलांसमोर घ्या, आणि जमलं तर चातुर्मासात माताजी येतील तेव्हा त्यांच्यापुढंही ठेवा. प्रश्न माझ्या नातीचा आहे हे सांगा. तीन, दर वर्षी आपण अहिंसेवर चित्रकला स्पर्धा घेतो आणि दर वर्षी सगळी मुलं एकाच घाटावर पाणी पिणारे सिंह आणि गाय काढतात. सिंह त्यांनी कधी बघितलेला नसतो. यंदा सांगा की तुमच्या दारातली मुंगी, झाडावरची अळी, खिडकीतला कोळी, जे रोज दिसतं ते पंधरा दिवस बघा आणि मग काढा.

मंडळाला हे पटलं नाही तरी माझ्या परसाचं दार उघडं आहे. पावसाळ्यात सकाळी साडेसात ते आठ आम्ही दोघी लिंबापाशी असतो. पोरांना घेऊन या. आणखी दोन पाट काढून ठेवते.